कमी वजनाची, दिवसांआधी जन्मलेली बाळं: पुढची वाढ नक्की कशावर ठरते?

खारघरचा_बाबा:
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच.

आमची लेक ३१ व्या आठवड्यात झाली. वजन १२४० ग्रॅम. बायकोचं बीपी एकदम वाढलं, डॉक्टर म्हणाले आता थांबण्यात धोका आहे, आणि सिझेरियन करावं लागलं. मग एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग), काचेची पेटी, नळीने दूध, पुढे वाटी-चमचा, असं करत एकदाची घरी आली. आता ती सात महिन्यांची आहे. ओळखीचं माणूस दिसलं की हसते, हाक मारली की वळते, पालथी टाकली की मान छान उचलून बघते. बसत मात्र नाही. टेकून बसवलं तरी एका बाजूला कलंडते. आमच्याच मजल्यावरचं सात महिन्यांचं बाळ मस्त बसून खुळखुळा आपटतं आणि लिफ्टमध्ये रोज कुणीतरी विचारतं, "अजून बसत नाही?"

आई म्हणते, वेळ आली की सगळं येतं. सासूबाई म्हणतात, मालिश कमी पडतंय. ऑफिसातला मित्र म्हणतो, आजच थेरपी सुरू कर. मला एवढंच समजून घ्यायचंय की अशा बाळांच्या सुरुवातीच्या वाढीवर खरा परिणाम कशाकशाचा होतो? त्यातलं होऊन गेलेलं काय, आणि अजून आमच्या हातात काय आहे?

मृण्मयी:
लेकीला खूप खूप आशीर्वाद. धागा वाचनखुणेत ठेवते, माझ्या बहिणीला उपयोगी पडेल.

नीलमोहर:
बाबा, आधी वयाचा हिशोब नीट करा, निम्मी काळजी तिथेच जाईल. ४० आठवड्यांतून ३१ वजा करा. ९ आठवडे, म्हणजे दोन महिने. तुमची लेक कॅलेंडरने सात महिन्यांची असली तरी वाढीच्या दृष्टीने पाच महिन्यांची आहे. याला करेक्टेड एज म्हणतात आणि साधारण दोन वर्षांची होईपर्यंत सगळे टप्पे याच वयाने बघायचे. पाच महिन्यांचं कुठलं बाळ आधाराशिवाय बसतं?

माझी जुळी ३२ व्या आठवड्याची. आम्ही घोडबंदर रोडला राहतो. मी फ्रिजवर दोन तारखा लावल्या होत्या, एक जन्माची आणि एक जी ड्यू डेट होती ती. कुणी विचारलं की दुसऱ्या तारखेवरून वय सांगायचे. लिफ्टपुरतं तर हमखास!

एक मात्र लक्षात ठेवा. लसी जन्मतारखेनेच द्यायच्या. तिथे दोन महिने वजा करून थांबू नका.

सागरविहार:
लिफ्टवाल्यांना सांगा, बाईसाहेब सध्या पालथ्या पडून सोसायटीचा कारभार बघतायत, बसायला सवड नाही. :)

नौपाड्याची_आजी:
बाळा, काळजी करू नकोस. आमच्या वेळी म्हणायचे, सातमाशी जगतं पण आठमाशी जगत नाही. तुझी तर सातमाशी, म्हणजे नशिबाची.

माझा धाकटा १९८१ सालचा. वाड्याजवळच्या खेड्यात झाला, आणि इतका लहान की सुईणीने तळहातावर झोपवून दाखवला. कसली पेटी नि कसलं काय. माझ्या सासूबाईंनी त्याला कापसात गुंडाळून माझ्या पोलक्याच्या आत छातीशी बांधला आणि घरात सगळ्यांना बजावलं, हिला कामाला उठवायचं नाही. आज तो मुलुंडला शाळेत शिकवतो.

किलबिल:
आजी, तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार. मी ऐरोलीत बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. त्यांनी केलं तेच आम्ही आज कांगारू मदर केअर या नावाने शिकवतो. १९७८ च्या सुमाराला कोलंबियात, बोगोटाच्या एका सरकारी प्रसूतिगृहात पेट्या पुरेनात म्हणून एडगर रे या डॉक्टरांनी बाळांना आईच्या छातीशी उघड्या अंगाने बांधायला सुरुवात केली. आता जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा आहे की कमी वजनाच्या बाळाला जन्मल्यापासून लगेच आणि दिवसातले ८ ते २४ तास असं ठेवावं. भारतासह पाच देशांत जो मोठा अभ्यास झाला त्यात आपल्याकडून दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय होतं. बाळ स्थिर व्हायची वाट न बघता लगेच आईजवळ दिलं तर मृत्यू सुमारे एक-चतुर्थांशाने कमी होतात, असं त्यात दिसलं. तो निकाल २०२१ साली आला.

पण आजी, सातमाशी-आठमाशीचं तेवढं खरं नाही. पोटात मिळालेला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो. ३४ व्या आठवड्यात मेंदूचं वजन पूर्ण दिवसांच्या बाळाच्या मेंदूच्या साधारण दोन-तृतीयांश असतं. शेवटच्या आठवड्यांत केवढं काम उरकायचं असतं बघा.

आता मूळ प्रश्न. बाबा, "लहान बाळ" ही एकच गोष्ट नाही. अडीच किलोच्या खाली कमी वजन, १५०० ग्रॅमच्या खाली फार कमी आणि १००० च्या खाली अतिशय कमी. हे झाले काट्यावरचे आकडे. त्यामागे दोन वेगळी कारणं असतात. काही बाळं नुसती लवकर येतात, आपल्या आठवड्यांच्या मानाने ती बरोबर वजनाची असतात. काहींना वारेतून पुरेसा पुरवठाच होत नाही, म्हणून ती पोटातच खुरटतात. काहींच्या वाट्याला दोन्ही येतं. आईचं बीपी वाढलेलं असताना हे बरेचदा दिसतं. त्यामुळे १२४० ग्रॅम हा आकडा एकटा फार काही सांगत नाही. ३१ आठवड्यांना १२४० वेगळं आणि ३५ आठवड्यांना १२४० वेगळं.

त्यानंतर जन्माच्या आसपासच्या गोष्टी येतात. आईला आधी स्टेरॉइडची इंजेक्शनं मिळाली का? न्यूझीलंडमध्ये लिगिन्स आणि हावी यांनी १९७२ मध्ये त्यांचा फायदा दाखवून दिला आणि त्यानंतर अशा बाळांच्या फुप्फुसांचं चित्रच पालटलं. ही इंजेक्शनं मेंदूतल्या रक्तस्रावाचा धोकाही कमी करतात. बाळ किती दिवस व्हेंटिलेटरवर होतं? रक्तात जंतुसंसर्ग झाला होता का? आतड्याला सूज आली होती का? आणि डोक्याची सोनोग्राफी कशी होती? या बाळांच्या मेंदूतल्या काही रक्तवाहिन्या फार नाजूक असतात, आणि रक्तस्राव झालाच तर बहुतेक वेळा पहिल्या तीन दिवसांत होतो. पहिल्या-दुसऱ्या ग्रेडचा असेल तर बरीच बाळं छान वाढतात. तिसऱ्या-चौथ्या ग्रेडचा असेल, किंवा मेंदूच्या पांढऱ्या भागाला इजा असेल, तर हातापायांच्या हालचालींवर बारीक लक्ष ठेवावं लागतं.

डिस्चार्ज कार्ड काढा आणि यातलं काय काय लिहिलंय ते इथे टाका. नाव-गाव झाकून.

सडेतोड:
डॉक्टर, तुमच्याबद्दल आदर आहे, पण हे सगळं वाचून नवीन आईबापांची झोप उडेल. माझा मुलगा १४०० ग्रॅमचा होता. ना सोनोग्राफी, ना थेरपी. आज इंजिनिअरिंगला आहे. पूर्वीची बाळं वाढलीच की.

हालचाल:
सडेतोड, तुमच्या मुलाचं मनापासून कौतुक. पण मी मुलांची फिजिओथेरपिस्ट आहे, ठाण्यात काम करते, आणि माझ्याकडे दीड-दोन वर्षांची होऊन येणारी मुलं बघते. त्यांच्या घरच्यांनाही कुणीतरी हेच सांगितलेलं असतं, "आमचा पण असाच होता." जी बाळं वाढली त्यांच्या गोष्टी आपल्याला ऐकायला मिळतात. जी नाही वाढली त्यांच्याबद्दल लग्नकार्यात कुणी बोलत नाही.

पहिल्या दोन वर्षांत मेंदू भराभर नव्या जोडण्या करत असतो. एखाद्या जागी इजा असली तरी आजूबाजूचा भाग काही काम उचलतो. त्याला ते शिकायची संधी मात्र लवकर मिळायला हवी. म्हणून वाट बघणं आणि लक्ष ठेवून वाट बघणं यात फरक आहे.

कशावर लक्ष ठेवायचं? करेक्टेड वयानेच सांगते. दोन-तीन महिन्यांपर्यंत माणसाकडे बघून हसू आलं नाही. चार महिन्यांना मान सावरत नाही. मुठी सतत घट्ट, अंगठा आतच, आणि हे चार महिन्यांनंतरही. लंगोट बदलताना पाय कात्रीसारखे एकावर एक चढतात, मांड्या सुटतच नाहीत. वर्षाच्या आत एकच हात वापरणं; घरचे कौतुकाने म्हणतात की डावखुरा होणार, पण इतक्या लवकर कुणी डावखुरं होत नसतं. नऊ महिन्यांनाही आधाराशिवाय बसत नाही. यातलं काही दिसलं तर दाखवा. एवढ्यावरून निदान होत नाही, पण तपासणी व्हायलाच हवी.

खारघरच्या बाबांच्या लेकीचं वर्णन मला चांगलं वाटतंय. तरी एकदा दाखवून घ्या, मन शांत होईल.

खारघरचा_बाबा:
सगळ्यांचे आभार. नीलमोहर, दोन महिने वजा करतात हे हॉस्पिटलात एकदा कानावर पडलं होतं, पण घरात कुणी तसं धरतच नव्हतं. आता मीही दुसरी तारीख लावतो.

डॉक्टर, कार्डावर असं आहे: आईला स्टेरॉइडचे दोन डोस. सीपॅप (नाकावाटे दाबाने हवा) चार दिवस, व्हेंटिलेटर नाही. डोक्याची सोनोग्राफी नॉर्मल. कावीळ, फोटोथेरपी. आरओपी (डोळ्यांच्या पडद्याची) तपासणी "करून घ्यावी", ती आम्ही केली आणि डोळे पूर्ण वाढले म्हणून सुट्टी मिळाली. कानांबद्दल काहीच लिहिलेलं नाही.

किलबिल:
खूप चांगलं कार्ड आहे. कानांची बेरा, म्हणजे आवाज नसेतून मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणारी तपासणी, करून घ्या. एनआयसीयूतून आलेल्या बाळाला नुसती साधी ओएई, म्हणजे फक्त आतल्या कानाची तपासणी, पुरत नाही. कानातलं यंत्र ठीक असून पुढची नस संदेश नेत नसेल तर ओएई पास होते आणि दोष निसटतो. बाळ हाकेला वळतं म्हणूनही गाफील राहू नका. कमी-जास्त ऐकू येणारी बाळंसुद्धा वळतात. वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेतही ही तपासणी होते. थायरॉइडही एकदा परत तपासलंय का बघा. लवकर जन्मलेल्या बाळांत पहिली तपासणी नॉर्मल येऊन दोष नंतर उघडा पडू शकतो.

कोपरीकर:
आरओपीवर थोडं लिहू द्या, कारण आमच्या घरात त्याने फार मोठी किंमत मोजली आहे.

माझ्या भावाचा मुलगा २९ आठवड्यांचा. हॉस्पिटलचं नाव घेत नाही. डिस्चार्ज कार्डावर डोळ्यांच्या तपासणीचा उल्लेखच नव्हता. बाळ दिसायला सुरेख, वजन वाढतंय, सगळे खूश. नजर लागत नाही हे वहिनीला जाणवलं तोवर एका डोळ्याचा पडदा सुटला होता.

पुढे डोळ्यांच्या डॉक्टरांनी समजावलं ते असं: या बाळांच्या डोळ्यामागच्या पडद्यावर रक्तवाहिन्या पूर्ण पोचलेल्या नसतात. जन्मल्यावर, खास करून ऑक्सिजन कमी-जास्त झाला तर, त्या वेड्यावाकड्या वाढतात. बाहेरून काही दिसत नाही. आपल्याकडे ३४ आठवड्यांच्या आत किंवा २००० ग्रॅमच्या आत जन्मलेल्या प्रत्येक बाळाची पहिली तपासणी जन्मानंतर महिन्याभरात व्हायलाच हवी, आणि फारच लहान असेल तर दोन-तीन आठवड्यांतच. वेळेवर सापडलं तर लेझरने थांबवता येतं. नंतर हाती काही राहत नाही.

ज्यांचं बाळ आत्ता पेटीत आहे त्यांनी हे वाचून आजच डॉक्टरांना विचारा. बाळ अजून दाखल असलं तरी तपासणी तिथेच होते. कार्डात लिहिलं नाही म्हणून गरज नाही असं समजू नका.

मृण्मयी:
कोपरीकर, वाचून काळजात चर्र झालं. बहिणीला आत्ताच फोन केला. तिच्या बाळाची तपासणी झाली आहे.

निशिगंधा:
मी एनआयसीयूत नर्स आहे. जन्मानंतरचे ते पहिले आठवडेही बाळाच्या वाढीचेच असतात, हे लोकांच्या ध्यानात येत नाही. पोटात अंधार असतो, पाण्याचा आधार असतो, आईचा आवाज असतो. इथे मॉनिटरची पिपाणी, डोळ्यावर ट्यूबलाइट आणि दिवसभर टोचाटोची. आम्ही पेटीवर जाड दुपटं घालतो, गोलसर घरटं करून त्यात हातपाय जवळ घेऊन ठेवतो, झोपलेल्या बाळाला उगाच हलवत नाही. पेटीच्या झाकणावर फाइल आपटली तर आत केवढा आवाज होतो हे नवीन मुलांना मी पहिल्याच दिवशी दाखवते.

आणि दूध. सुरुवातीला चार-पाच थेंबच येतात, आया रडतात, "एवढंसं काय आणायचं?" आणा. ते थेंब औषधासारखे आहेत. आईच्या दुधावरच्या बाळांत आतडं सडण्याचा आजार बराच कमी दिसतो, आणि त्या आजाराचा पुढच्या वाढीवरही परिणाम होतो. आईला येत नसेल तर दूध बँकेचं दूध. आशियातली पहिली दूध बँक आपल्या सायन हॉस्पिटलमध्ये १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली, याचा मला फार अभिमान वाटतो. खूप लहान बाळाला डॉक्टर त्याच दुधात फॉर्टिफायर, म्हणजे दुधाचं पोषण वाढवणारी पूड, घालायला सांगतात. ते वरचं दूध नव्हे. आजेसासूबाईंची समजूत घालायला हे वाक्य पाठ करून ठेवा.

सावनी_वाशी:
निशिगंधाताई, तुमच्यासारखी एक सिस्टर मला भेटली म्हणून मी आज इथे लिहू शकतेय.

या यादीत आईच्या मनाचा उल्लेख अजून कुणी केला नाही. मुलगा ११०० ग्रॅमचा होता. मी घरी आणि तो तिथे. पान्हा फुटायचा आणि जवळ बाळ नाही. बारसं नाही, कुणी भेटायला आलं तर काय बोलावं ते त्यांना कळत नव्हतं आणि मलाही. तो घरी आल्यावर मी त्याला दूध पाजायचे, लंगोट बदलायचे, औषध द्यायचे, वजन लिहायचे, पण त्याच्याशी बोलत नव्हते. एक अक्षरही नाही. रात्रभर त्याचा श्वास मोजत बसायचे. घरच्यांना वाटायचं केवढी काळजी घेते!

फॉलो-अपला डॉक्टरांनी त्याच्याऐवजी मला विचारलं, "तुम्हाला झोप लागते का?" तिथून माझे उपचार सुरू झाले. मी बरी होत गेले तसा तो हुंकार द्यायला लागला. हे असंच घडलं. बाबा, तुमच्या बायकोला कुणी विचारलंय का, ती कशी आहे?

खारघरचा_बाबा:
नाही विचारलं. आज विचारतो.

पारिजात:
सावनी, किती बरं केलंस हे लिहून.

याच अनुषंगाने एक महत्त्वाचा अभ्यास. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ पासून एनआयसीयूतून घरी गेलेल्या २००० ग्रॅमच्या आतल्या बाळांचा थेट अठराव्या वर्षापर्यंत पाठपुरावा केला. आपल्या मातीतला इतका लांबचा अभ्यास विरळाच. लवकर जन्मलेली आणि शिवाय खुरटलेली मुलं, तसंच १५०० ग्रॅमच्या आतली मुलं बुद्ध्यांकात मागे दिसली. काहींना वाचन-गणितात आणि डोळ्या-हाताच्या मेळात अडचण आली. पण घरातल्या गोष्टींचा परिणाम बघितला तेव्हा मुलांच्या बौद्धिक वाढीवर सर्वांत जास्त प्रभाव आईच्या शिक्षणाचा दिसला.

सुमन_कळवा:
पारिजातताई, हे वाचून मला लागलं. मी नववीपर्यंत शिकले. माझी मुलगी १३०० ग्रॅमची. म्हणजे ती मागे पडली तर माझ्यामुळे असं म्हणायचं का?

पारिजात:
नाही गं सुमन. तुला दुखवलं, त्याबद्दल मनापासून क्षमा माग­ते. अर्धवट लिहायला नको होतं.

किलबिल:
सुमनताई, असे निष्कर्ष शेकडो मुलांची सरासरी सांगतात, तुमच्या मुलीचं भविष्य सांगत नाहीत. आणि आईचं शिक्षण म्हणजे काही भिंतीवरचं सर्टिफिकेट बाळाला शिकवत नाही. शिकलेल्या आईच्या हातात बहुतेक वेळा थोडे पैसे जास्त असतात, घरात तिचं म्हणणं ऐकलं जातं, दवाखान्यात प्रश्न विचारायचा धीर असतो, बाळाशी गप्पा मारायला मोकळा वेळ असतो. या गोष्टी नववी शिकलेल्या आईलाही देता येतात. त्या द्यायची जबाबदारी नवऱ्याची, घराची, आमच्यासारख्यांची आहे.

तुम्ही एवढ्या लोकांत थेट प्रश्न विचारलात. तुमच्या मुलीला जी आई हवी ती हीच.

हालचाल:
सुमनताई, कामं करताना बोलत राहा. "आता पाणी भरू, आता कांदा चिरू, हा बघ कावळा आला." ती हुंकार देईल, मग तुम्ही थांबायचं, तिचं ऐकायचं, मग परत बोलायचं. ही देवाणघेवाणच बाळाला भाषा शिकवते. महागडं खेळणं लागत नाही. चिऊकाऊ, अडगुलं-मडगुलं, वाटी-चमच्याचा आवाज, सगळं चालतं. मोबाइल मात्र नको. बालरोगतज्ज्ञांची संघटनाही दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच म्हणते, लांबच्या आजी-आजोबांशी व्हिडिओ कॉल तेवढा चालेल.

सुमन_कळवा:
हे तर मी रोजच करते ताई. भांडी घासताना तिला जवळ दुपट्यावर ठेवते आणि सगळ्या बायकांच्या तक्रारी तिलाच सांगते. :)

सागरविहार:
म्हणजे कॉलनीतल्या सगळ्या बातम्या पोरीला पाठ! सुमनताई, तिला आधी बोलता यायचं, मग तुमची पंचाईत.

नौपाड्याची_आजी:
आता मालिशवाल्या बाईचं बोला. आमच्या गल्लीतली मंदाबाई तीस वर्षं बाळं न्हाऊ घालते. मालिश वाईट का? धुरी वाईट का? टाळू भरू नये का?

हालचाल:
आजी, मालिश चांगलं. हलक्या हाताचं, खोबरेल तेलाचं, बाळ जागं आणि खुशीत असताना. आईने केलं तर सोन्याहून पिवळं. पण हातपाय उलटे ओढणं, पायाला धरून लटकवणं, नाकात-कानात तेल हे नको. टाळूवर तेल लावा, दाबू नका.

धुरी अजिबात नको. या बाळांची फुप्फुसं आधीच नाजूक असतात. उदबत्ती, मच्छर कॉइल, घरातली सिगारेट, सगळं त्यातच आलं.

आणि वॉकर! कॅनडाने २००४ मध्ये वॉकरवर बंदीच घातली. त्याने मूल लवकर चालत नाही, टाचा उचलायची सवय मात्र लागते, शिवाय पडायची भीती. ते पैसे सतरंजीला द्या. जागं असताना, आपण समोर असताना, दिवसातून अनेकदा पोटावर. झोपवायचं मात्र पाठीवरच.

नीलमोहर:
वॉकरला माझाही विरोध. बारशाला तीन-तीन वॉकर भेट येतात, लोकांनी त्याऐवजी डायपर द्यावेत.

नौपाड्याची_आजी:
बरं, धुरी बंद. मंदाबाईला मी सांगते, माझं ऐकते ती. पण बाळ जरा गुटगुटीत तर व्हायला नको का? लुकडं बघवत नाही.

किलबिल:
आजी, गुटगुटीतपणाची घाई नको. पुण्याच्याच डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी दाखवलंय की आपली बाळं दिसायला बारीक असतात पण त्यांच्यात चरबीचा वाटा जास्त असतो. त्यांच्या अभ्यासात पुण्याकडची बाळं सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५ किलोची. पण त्वचेखालची चरबी आपल्या बाळांत फारशी कमी नव्हती, कमी होते ते स्नायू. अशा मुलांना कोंबून खायला घातलं तर पुढे मधुमेहाचा धोका वाढतो. वजनाबरोबर लांबी आणि डोक्याचा घेर वाढतोय ना, ते बघायचं. डोक्याचा घेर म्हणजे मेंदूची वाढ. दर फेरीला टेपने मोजून तक्त्यावर मांडायला सांगा. लोहाचे आणि ड जीवनसत्त्वाचे थेंब डॉक्टरांनी सांगितलेत तेवढे, मध्येच न सोडता द्या. लोह कमी पडलं तर रक्तच नाही, मेंदूही उपाशी राहतो.

सडेतोड:
धागा पूर्ण वाचला. कोपरीकरांचा प्रतिसाद दोनदा वाचला. आमचं नशीब चांगलं होतं एवढंच म्हणतो. एक प्रश्न: हे सगळं खासगीत करायचं तर सामान्य माणसाला परवडणार कसं?

पारिजात:
त्यासाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये त्याची सुरुवात पालघरमधून झाली, तेव्हा पालघर आपल्या ठाणे जिल्ह्यातच होतं. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंत तपासणी, आणि विकासात उशीर दिसला तर जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र. डोळे, कान, फिजिओ, वाचा, सगळं एका ठिकाणी असावं अशी ती कल्पना. जिल्हा रुग्णालयात "डीईआयसी" म्हणून विचारा. घरी येणाऱ्या आशाताईंनाही बाळ किती ग्रॅमचं होतं ते नक्की सांगा, लहान बाळांसाठी त्यांना वेगळ्या सूचना असतात.

नोकरी करणाऱ्या आयांसाठी अजून एक. मातृत्व लाभाच्या नियमांत २६ आठवड्यांच्या रजेव्यतिरिक्त, बाळ दिवसांआधी झाल्यामुळे आईला आजारपण आलं तर एक महिन्यापर्यंत पगारी रजेची तरतूद आहे. बऱ्याच कार्यालयांत हे कुणी आपणहून सांगत नाही. लेखी मागा.

सावनी_वाशी:
हे मला तेव्हा माहीत असतं तर! मी बिनपगारी काढली होती.

खारघरचा_बाबा:
खूप दिवसांनी आलो. लेकीला विकासाच्या तपासणीला नेलं. करेक्टेड वयाने सहा महिने. डॉक्टरांनी तिला जमिनीवर सोडून बराच वेळ नुसतं बघितलं, मग हातपाय हलवून ताण बघितला. हातपाय ठीक, कंबरेचा भाग थोडा सैल. घरी करायचे चार प्रकार शिकवले: मांडीवर आधाराने बसवून बाजूला खेळणं धरायचं, कुशीवरून उठायला मदत, पोटावर ठेवून समोर आरसा, आणि दोन्ही हातांनी पाय पकडू द्यायचे. पुन्हा दोन महिन्यांनी बोलावलंय. बेराही झाली, दोन्ही कान चांगले आहेत.

सावनी, बायकोला विचारलं. ती त्या रात्री खूप बोलली. आता रविवारी सकाळी लेक माझ्याकडे आणि ती मैत्रिणीबरोबर सेंट्रल पार्कला फिरायला जाते. सासूबाईंना कंबरेचे प्रकार शिकवलेत, आणि मालिशच्या वेळी त्या ते माझ्यापेक्षा छान करतात.

हालचाल:
उत्तम. दोन्ही हातांनी पाय पकडणं म्हणजे पोटाच्या स्नायूंचं काम, ते सोडू नका. व्यायाम दूध पाजल्यावर लगेच नको, आणि रडली की थांबायचं.

नवीन_सदस्य_माजिवडा:
मी पहिल्यांदाच लिहितोय. मुलगा परवा झाला, ३० आठवडे, १३५० ग्रॅम. ठाण्यातच दाखल आहे. बायको दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये, तिला अजून उठता येत नाही. कोपरीकरांचं वाचून डोळ्यांचं विचारून ठेवलंय. पण कांगारू तर आईनेच करायचं असतं ना? मग तोपर्यंत थांबायचं का?

निशिगंधा:
अभिनंदन दादा. थांबायचं नाही. बाबाही देऊ शकतो, आजीही देऊ शकते. ड्युटीवरच्या सिस्टरला सांगा, "मला कांगारू द्यायचंय, बाळ तयार आहे का?" आंघोळ करून, नखं कापून, पुढून उघडणारा शर्ट घालून जा. अत्तर, तंबाखू काही नको. सर्दी असेल तर त्या दिवशी जाऊ नका. बाळ फक्त लंगोट, टोपी आणि मोज्यांवर, तुमच्या छातीवर उभं, मान एका बाजूला वळवून, नाक मोकळं. एका वेळी निदान एक तास बसायच्या तयारीनेच जा, सारखं आत-बाहेर केलेलं त्याला सोसत नाही. पाणी पिऊन, लघवीला जाऊन बसा.

आणि बायकोला रोज दर दोन-तीन तासांनी दूध पिळायला सांगा, रात्रीसुद्धा. स्वच्छ डबीत, वर वेळ लिहून, बर्फाच्या पिशवीतून तुम्ही आणा. दोन हॉस्पिटलांमधली ती फेरी सध्या तुमच्याकडे.